लग्नाच्या बसला पेट्रोलची पंगत

बायकोच्या माहेरची माणसं सोलापूरची. ती भेटली की अजून विचारतात, "काय, पंप बरा चालायचा ना तुमचा?" त्यांची समजूत अशी की तंजावुरात माझा पेट्रोल पंप होता. लग्न ठरताना मध्यस्थाने 'मुलगा पंपाच्या धंद्यात आहे' असं सांगितलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी खुलासा केला नाही, आणि लग्न झालं.

माझा पंप म्हणजे डिझेल इंजिनाचा पंप. लोणच्याच्या बरणीएवढी लोखंडी वस्तू, इंजिनाच्या कुशीला बसवलेली. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि पेट्रोल पेट घेतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथे हवाच इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपणहून पेटतो. हा फवारा जोरात आणि नेमक्या क्षणी मारायचं काम पंपाचं. त्याच्या पोटात पोलादी नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत एक दट्ट्या वरखाली होत असतो. दोघांमधली फट इतकी कमी की दट्ट्या थोडा वेळ मुठीत धरला तर हाताच्या उबेने फुगतो आणि नळीत शिरताना अडतो. त्याला वेगळं वंगण नसतं. जे डिझेल तो पुढे ढकलतो, तेच त्याचं वंगण. म्हणून डिझेलच्या जागी दुसरं काही ओतलं की पहिला बळी या दट्ट्याचा जातो.

आणि आमच्याकडे दुसरं काहीतरी ओतायची हौस फार. पन्नास सालानंतर आमच्या भागात डिझेलच्या बसगाड्या हळूहळू येऊ लागल्या. त्याआधी लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना, तेव्हा लोकांनी कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या बसगाड्या पाहिल्या होत्या. त्यामुळे गाडी कशावरही चालते, अशी एक श्रद्धाच बसली होती. एका भातगिरणीच्या मालकाने इंजिनातलं तेल कमी झालं म्हणून घरातलं तिळाचं तेल ओतलं. शनिवारी डोक्याला तेच चोपडून न्हायलं की माणसाच्या अंगातली उष्णता जाते, मग इंजिनाची का जाणार नाही, हा त्यांचा हिशेब. ते इंजिन मी उघडलं तेव्हा आत जे सापडलं ते चिक्कीच्या जवळपास जाणारं होतं. दुसऱ्या एकाच्या डिझेलच्या पिंपात पाणी शिरून पंप गंजला. मी त्याला कारण सांगितलं, तर तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "पण राव, ते कावेरीचं पाणी होतं." मी पंप बदलून दिला.

मला सगळे 'राव' म्हणत. तंजावुरात मराठी माणसाला तमिळ लोक रावच म्हणतात, नाव कोणी विचारत नाही. राजवाड्यामागच्या गल्लीत आमची पाच-सहा मराठी घरं होती. वडील दप्तरखान्यात कारकून, आजोबाही कारकून, त्यांचे वडीलही लिहिण्यावरच जगलेले. अशा घरात मी मद्रासला जाऊन पंपाचं काम शिकून आलो. वडील चिडले नाहीत. मी पंगतीला बसलो की ते फक्त आपलं पान उचलून दोन माणसं पलीकडे मांडत. डिझेलचा वास साबणाने जात नाही, शिकेकाईने जात नाही, आणि वडिलांच्या मते तो पुढच्या जन्मीही जाणार नव्हता.

स्टेशनच्या रस्त्याला मी एक शेड घेतली. पंपाच्या कामात धूळ हा वैरी, म्हणून आत येणाऱ्याला चपला बाहेर काढाव्या लागत. लोक हसत आणि दारात उभं राहून हात जोडल्यासारखं करत. मद्रासच्या उस्तादाकडून मी एक पद्धत उचलली होती. दुरुस्त केलेल्या पंपाबरोबर मी एक चिठ्ठी देई. तिच्यात तीन रकाने: काय मोडलं, काय बदललं, कशामुळे मोडलं. पहिल्या दोन रकान्यांच्या कामाचे मला पैसे मिळत. तिसरा मी फुकट भरत असे, आणि सगळी भांडणं त्याच्यावरून होत. मालकाला वाटे त्यात ड्रायव्हरचं नाव यावं, ड्रायव्हरला वाटे रस्त्याचं यावं. पण त्या रकान्यात मी लिहिलेलं दोघेही मानत. 'रावने लिहिलं' म्हटलं की विषय संपे. या गोष्टीचा मला किती अभिमान होता हे आता सांगायला संकोच वाटतो.

आता मुदलाळींबद्दल सांगतो. मुदलाळी म्हणजे मालक. हे होते कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका गावचे मोठे जमीनदार, आणि त्यांच्या तीन बसगाड्या तंजावुराहून खेडोपाडी जात. दोन जुन्या, पेट्रोलच्या. तिसरी नवी कोरी, डिझेलची. या तिसरीवर त्यांचा जीव. दर शुक्रवारी तिला हार, कापूर, चंदनाचे टिळे. एकच गोष्ट त्यांना सलत असे. डिझेलला तेव्हा सगळे 'क्रूड' म्हणत. काळपट, वासाचं, स्वस्त तेल. मुदलाळींची स्वतःची मोटार पेट्रोल पीत असे आणि लाडकी बस क्रूड. एका घरातल्या दोन लेकरांना दोन प्रकारचं जेवण वाढावं तसं त्यांना ते वाटे, आणि असं त्यांनी मला एकदोनदा बोलूनही दाखवलं. मनुष्य मोठा उदार. त्यांच्या दारातून उपाशी कोणी परत गेलं नाही.

त्या बसचा ड्रायव्हर मानोजी. आमच्यातलाच, म्हणजे मराठी, जुन्या राजांच्या पागेत चाकरीला असलेल्या घराण्यातला. उंच, सडसडीत, बोलणं कमी. टाकीत डिझेल घालताना तो धुतलेल्या धोतराची चौपदरी घडी नरसाळ्यावर धरी आणि थेंबन् थेंब गाळून घेई. मी म्हणालो होतो, "मानोजी, एवढं कोण करतं?" तर आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाला, "घोड्याला दाणा निवडल्याविना देऊंलालांत काय, राव?" त्याच्या गाडीचा पंप माझ्याकडे फक्त तपासायला येई, मोडून कधी आला नाही.

मुदलाळींच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरदेव कुंभकोणमकडचा, घराणं तोलामोलाचं. आदल्या दिवशी नवरदेवाकडच्या मंडळींना आणायला नवी बस जायची होती. सकाळी बसची पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला, आरती झाली. आणि मग मुदलाळींनी आपल्या मोटारीसाठी साठवलेले पेट्रोलचे दोन डबे आणायला सांगितले. व्याही या गाडीत बसणार, म्हणून आज गाडीला क्रूड नाही. "व्याह्यांच्या पंगतीला आपण जाडा तांदूळ वाढतो का?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने, रेशमी उपरणं सावरत, दोन्ही डबे बसच्या टाकीत रिकामे केले. सनई वाजत होती. मानोजी टाकीशेजारी नरसाळं धरून उभा होता.

हे मला नंतर त्यानेच सांगितलं. मी विचारलं, "तुम्हीं थांबवलं कां नाहीं?"

तो म्हणाला, "राव, पूजा, आरती, सनई, अस्कं शुभ चाल्लं होतं. मुलीचा बाप, घरांत मंगल, तोंडावर हसूं. गाडी निघायच्या वेळेस नको म्हणून कसं म्हणूं? कोण म्हणेल?"

कोणीच म्हणणार नाही. आमच्याकडे घरातून निघणाऱ्याला 'कुठे' असंही विचारत नाहीत. लग्नाच्या गाडीपुढे, कापूर जळत असताना, 'नको' हा शब्द उच्चारणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मानोजीला ठाऊक होतं काय होणार ते. टाकीत अर्धं डिझेल होतं, त्यामुळे कदाचित जाऊन येणं निभेल अशी आशा त्याने धरली. पंगतीतला एखादा पदार्थ बिघडला असला तरी यजमानासमोर आपण तो गिळतो, तसा तो प्रसंग त्याने गिळला.

बस जाताना निभली. इंजिन डब्यात खडे घालून हलवावेत तसं वाजत होतं, पण सनईच्या नादात कोणाचं लक्ष गेलं नाही. येताना आत चाळीस माणसं, सगळी रेशमात, आणि पुढच्या बाकावर नवरदेव. पेट्रोल कोरडं असतं. ते दट्ट्यावरचं तेल धुऊन नेतं, मग पोलादावर पोलाद घासतं. गावाच्या सात मैल अलीकडे, कालव्याच्या काठावर, दोन्हीकडे भाताची शेतं आणि माणसाचा मागमूस नाही अशा जागी दोन दट्टे नळीत कायमचे अडकले आणि गाडी मेली. मंडळी बैलगाड्यांतून गावात पोहोचली. एका गाडीत पेंढा होता, आणि नेमका नवरदेव त्याच गाडीत बसला. त्याच्या डोक्यातल्या काड्या काढताना त्याचा बाप एकच वाक्य बोलला: "वाहन वाटेत थांबलं."

त्यापुढे काही बोलायची गरज नव्हती. लग्नाचं वाहन वाटेत मरणं हा अपशकुन आहे. तो कोणाच्या नावावर जाणार हाच प्रश्न होता, आणि अशा वेळी तो बहुधा नव्या सुनेच्या नावावर जातो.

लग्न पार पडल्यावर दोन दिवसांनी मानोजी पंप घेऊन माझ्याकडे आला. झाकण काढताच मला पेट्रोलचा वास आला. आतून बाहेर काढलेले दट्टे ओरखड्यांनी भरलेले, दोन तर हातोडीशिवाय निघेनात. पुढे इंजिन उघडलं तेव्हा एका पिस्टनचा माथाही जळालेला निघाला. हे सामान मद्रासहून मागवायचं, आणि तिथे ते बोटीने यायचं. तेवढ्या किमतीत चांगली बैलजोडी आली असती. मी मानोजीकडे पाहिलं, आणि त्याने ती डब्यांची हकिकत सांगितली. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तुम्हीं काय तें बरोबर लिहितांत, राव," आणि चपला घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी खुद्द मुदलाळी आले. माझ्या शेडमध्ये ते पहिल्यांदाच येत होते. चपला काढून आत आले आणि स्टुलावर बसले.

"पेट्रोल महाग तेल आहे, राव," ते म्हणाले. "महागड्या तेलाने इंजिन कसं बिघडेल?"

मी त्यांना अर्धा तास समजावलं. दट्ट्या हातात दिला, ओरखड्यांवरून त्यांचं बोट फिरवलं. हुशार माणूस, त्यांना समजलं. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मला माझ्या हुशारीचा राग आला.

मग म्हणाले, "व्याही चिठ्ठी बघायला मागताहेत. तुमची चिठ्ठी. तुमचं नाव तिकडेही ठाऊक आहे." मग खाली बघत, "केरोसीन मिसळलं तरी असंच होतं ना?"

"साधारण असंच होतं," मी म्हणालो. "पण केरोसीन मिसळलेलं नाही. मी तसं लिहिणार नाही."

"छे छे," मुदलाळी म्हणाले. "खोटं लिहा असं मी कसं म्हणेन? तुम्ही ब्राह्मण माणूस. फक्त, राव, पेट्रोल लिहू नका. मुलगी नुकती सासरी गेली आहे."

मी पहिला रकाना भरला. दुसरा भरला. तिसरा कोरा ठेवला आणि खाली सही केली. मला त्या क्षणी अगदी बरं वाटलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने गळ घातली आणि मी खोटं लिहिलं नाही, असं मी त्या दिवशी घरी बायकोला सांगितलं. तीन पिढ्या लिहिण्यावर जगलेल्या घरातला मी. एक ओळ न लिहिण्याचं कौतुक सांगत होतो.

कोरा रकाना व्याह्यांनी पाहिला. मुदलाळींनी तोंडातून अक्षर काढलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. त्याची गरजही पडली नाही. त्या काळात ड्रायव्हर डिझेल काढून विकतात आणि भरपाईला केरोसीन ओतून ठेवतात, हे लहान मुलालाही ठाऊक होतं. चिठ्ठी इकडून तिकडे फिरली आणि ज्याने त्याने तो रकाना मनातल्या मनात भरून घेतला. राव स्पष्ट लिहीत नाही, म्हणजे आपल्या मराठी माणसाला वाचवतोय, असंही कोणी म्हणालं. अपशकुन सुनेवरून उठला आणि चोरीवर जाऊन बसला. चोरी ही अपशकुनापेक्षा फार सोयीची गोष्ट आहे, तिला मनुष्य सापडतो.

आठवड्याच्या आत मानोजीला काढलं. मुदलाळींनी त्याला वाईट शब्द वापरला नाही. जाताना धोतरजोडी दिली म्हणतात. चोराला धोतरजोडी कोण देतं, एवढा प्रश्न तरी कोणी विचारायला हवा होता. मीही विचारला नाही. मी पंप दुरुस्त केला. माझ्या हातचं ते सगळ्यात चांगलं काम असेल, पुढे नऊ वर्षं तो पंप कुरकुरला नाही. मुदलाळींनी माझे उपकार ठेवले नाहीत. त्यांच्या बसगाड्या, त्यांच्या मेव्हण्याचे ट्रॅक्टर, नातेवाइकांच्या गिरण्या, सगळं काम माझ्याकडे येऊ लागलं. शेडला फरशी बसली. वर्षातून एकदा मुदलाळींच्या घरून नव्या तांदळाचं पोतं येई, आणि आम्ही तो तांदूळ खात असू.

मधल्या काळात मला वाटायचं, मानोजी येईल. येऊन भांडेल, निदान चिठ्ठी मागेल. तो आला नाही. मी त्याच्या घरी जाऊ शकलो असतो. त्याचं घर आमच्या गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर होतं.

पाच-सहा वर्षं गेली. शेतांवर पाण्याच्या उपशासाठी डिझेलची इंजिनं बसू लागली होती. तिरुवैयारूजवळच्या एका शेतमालकाने इंजिन तपासायला बोलावलं. बांधावरून चालत खोपटापाशी गेलो, तर आत इंजिनाशेजारी मानोजी बसला होता. मिश्या पांढऱ्या झालेल्या. शेतावरचं इंजिन चालवायची नोकरी. गाडी चालवायला त्याला पुन्हा कोणी ठेवलं नव्हतं, आणि पुढे त्याने लायसन नवं करून घेतलंच नाही.

"या, राव," तो म्हणाला आणि पसरलेल्या पोत्यावर जागा करून दिली.

मी पाने काढले, पंपाची झाकणं सोडली, पुन्हा बसवली. तपासायला काही नव्हतं. शेवटी मीच म्हणालो, "मानोजी, मी आतां लिहून देतों. सहीनिशी. त्या दिवशीं टाकींत काय होतं तें अस्कं."

तो रागावलेला दिसत नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"आतां कोणाला दाखवूं?" तो म्हणाला. "पोरीचं लग्न जमूंलालं होतं, दोन वर्सं झालीं. पोराचा बाप घरीं येऊन विचारला, केरोसीन घालून तेल विकत होतास म्हणे, खरं काय? त्या वेळेस चिठ्ठी होणी होती, दाखवायला. आतां पोरगी घरांतच आहे. जमलं नाहीं."

मी म्हणालो, "पण तुम्हीं स्वतः कां नाहीं सांगितलंत? तुम्हांला ठाऊक होतं."

"मी सांगून कोण ऐकेल, राव? चोर म्हणतांत त्यानं मुदलाळीवर नांव टाकलं म्हणतील." मग तो माझ्याकडे वळला. "आणि मला काय ठाऊक, तुम्हीं लिहिणार नाहींत म्हणून? मी निजून होतों घरीं, बिनघोर. राव लिहितील म्हणून."

मी पैसे न घेता परत आलो. परत आल्यावर एक कागद काढून सगळं लिहिलं, तारखेसह आणि तिन्ही रकाने भरून. तो कागद मी मानोजीकडे पाठवला नाही. मुदलाळींकडे तर पाठवणं शक्यच नव्हतं, त्यांच्या मेव्हण्याचा ट्रॅक्टर तेव्हा माझ्या शेडमध्ये उघडून ठेवलेला होता. पुढे तो कागद घर बदलताना कुठे गेला ते कळलं नाही. मला या गोष्टीची लाज वाटते. आयुष्यात शेकडो पंप दुरुस्त केले, त्यांतल्या कुठल्याही पंपापेक्षा हा एक कोरा रकाना जास्त आठवतो.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्र पाठवलं, की धंद्यातले अनुभव लिहा, काही हातचं राखू नका. राखलेलं नाही. टाकीत पेट्रोल होतं, ते मुदलाळींनी ओतलं होतं, मानोजीने एक थेंब चोरला नव्हता. छापील अक्षरांत हे आता कायमचं राहील. मुदलाळींच्या घरातली माणसं तमिळ आणि इंग्रजी वाचतात. मानोजी अजून आहे, थकला आहे, रोज सकाळी ओसरीवर बसून तमिळ पेपर वाचतो. मराठी तो घरी बोलतो, पण ही लिपी त्याला येत नाही, त्याच्या पोरीलाही नाही. मला तमिळमध्ये लिहिता येतं, पस्तीस वर्षं सगळ्या चिठ्ठ्या मी तमिळमध्येच लिहिल्या. ही मराठीत लिहिली आहे.